तिच्या पेन्शनवरचा कर

रंगाच्या कारखान्यात पगार काढते मी. पैसे मालकाचे, आकडेमोड माझी. पण ज्याच्या हातात कमी येतात तो मालकाकडे जात नाही, माझ्या खिडकीशी येतो. आणि येतो तो पगाराच्या पावतीवर एकाच जागी बोट ठेवून. त्या जागी असतो कर कोड. चार आकडे आणि शेवटी एक अक्षर. वर्षाच्या कमाईतल्या किती रकमेवर कर लागणार नाही हे आकडे सांगतात, आणि तेवढीच का, हे अक्षर सांगतं. बस, इतकंच आहे ते. पण माणसांना पटत नाही. त्यांना वाटतं, सरकारने आपला स्वभाव पारखून हा शेरा मारलाय.

डबे भरण्याच्या विभागातल्या मुकादम बाईंचं अक्षर एकदा बदललं, तर त्या माझ्या खिडकीत ठाण मांडून बसल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईला जे अक्षर आहे तेच मला हवं, तिच्यापेक्षा मी जुनी आहे, असं त्यांचं म्हणणं. एका ट्रकचालकाने तर कोड बदलल्याचं बायकोपासून लपवलं. अशा सगळ्यांना मी समजावून सांगते. आवाज चढतो माझा, ते मान्य आहे; पण सांगते. कारखान्यात मला पाठीमागे 'कोडताई' म्हणतात. मला ते आवडत नाही, असं मी सगळ्यांना आवर्जून सांगत असते.

तर असं असताना घरात कर खात्याचं जाड पाकीट आलं, तेही नानांच्या नावाने, तेव्हा खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. नाना म्हणजे माझे सासरे. इतकी वर्षं कोडाचं माझं ज्ञान घरात कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने पाकीट पाहिलं मात्र, त्याला एकदम गच्चीवर वाळत घातलेले कपडे आठवले आणि त्याने पाय काढता घेतला. कपडे मी मघाशीच काढून, घड्या घालून कपाटात ठेवले होते. तो तरीही बराच वेळ वर होता.

नाना पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. स्वतःचं दुकान होतं. पुढे लोक मोबाइलमध्ये वेळ बघायला लागले आणि दुकान बंद पडलं. आता ते आठवड्यातले काही दिवस एका चष्म्याच्या दुकानात बसतात. सैल झालेले स्क्रू आवळायचे, नाकावरच्या गाद्या बदलायच्या, कानामागे टोचणाऱ्या काड्या गरम करून वाकवायच्या. पगार बेताचा. पण कामावरून आले की कोण आलं, कुणी चष्म्यावर बसून काड्या मोडल्या, कोण स्वतःच्याच डोक्यावरचा चष्मा शोधत दुकानात शिरलं, हे सगळं आम्हाला जेवताना ऐकावं लागतं. आणि आम्ही ऐकतो.

पत्रात लिहिलं होतं, की गेल्या वर्षी तुमच्याकडून कमी कर कापला गेला आहे, तरी फरक भरावा. फरक म्हणजे नानांच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढा. नानांनी चष्मा लावून वाचलं, मग काढून वाचलं, मग पत्राची घडी घातली आणि हे दुसऱ्या कुणाचं तरी आपल्याकडे आलंय, असा निकाल दिला. मी म्हटलं, नाव तुमचं आहे. ते म्हणाले, या नावाचे पुष्कळ असतील. मी म्हटलं, पत्ताही आपलाच आहे. त्यावर ते म्हणाले, की एकदा नाव चुकलं की पत्ता चुकणारच, त्यात नवल काय.

मग मी जेवणाचं टेबल पुसून घेतलं आणि त्यांना पगाराच्या सगळ्या पावत्या आणायला सांगितल्या. त्या चष्म्याच्या रिकाम्या डब्यांमध्ये घड्या घालून ठेवलेल्या निघाल्या. कोड पाहिला. पूर्ण होता, म्हणजे करमाफीची सगळी रक्कम या एकाच नोकरीला लावलेली. मग पत्राचं दुसरं पान उलटलं. तिथे नानांच्या उत्पन्नाच्या दोन ओळी होत्या. पहिली चष्म्याच्या दुकानाची. दुसरी टेलिफोन खात्याकडून मिळणाऱ्या पेन्शनची.

टेलिफोन खात्यात माझ्या सासूबाई होत्या. आई. एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या आणि पर्यवेक्षक होऊन निवृत्त झाल्या. घरातसुद्धा त्यांचा आवाज फोनवरचाच असायचा. एकाच वेळी तिघांनी चहा मागितला, की त्या गोड आवाजात 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणायच्या आणि कुणालाच द्यायच्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून त्यांची निम्मी पेन्शन नानांच्या नावे येते आणि पेन्शन देणारं खातंही त्यावर करमाफी लावत होतं, कारण नानांना दुसरीकडून पगार मिळतो हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

माशी कुठे शिंकली ते माझ्या लक्षात आलं. नव्या नोकरीवर लागताना एक कागद भरून द्यावा लागतो. त्यात तीन चौकोन असतात: हे माझं एकमेव उत्पन्न आहे, मला आणखी एक नोकरी आहे, मला पेन्शन मिळते. हा कागद भरून द्यायला मी तेव्हा तयार होते, पण 'मला वाचता येतं' असं म्हणून नानांनी मला वाटेला लावलं होतं.

"नाना, तुम्ही पहिल्या चौकोनात खूण केलीत?"

"हो. दुसरं उत्पन्न कुठे आहे मला?"

"मग ही पेन्शन?"

"ती तिची आहे," नाना म्हणाले.

मी एक मोठा श्वास घेतला आणि कारखान्यात सांगते तसं सांगायला सुरुवात केली. करमाफी एका माणसाला एकदाच मिळते. एक पांघरूण आहे असं समजा आणि खाटा दोन. तुम्ही एकच पांघरूण दोन्ही खाटांवर पूर्ण घातलंय असं दोन्ही ठिकाणी सांगितलंत. वर्षाच्या शेवटी सरकारने मोजलं, तर एक पांघरूण जास्त निघालं. आता ते परत मागतायत. नाना मन लावून ऐकत होते. मधे त्यांनी, पांघरूण लांबीने घालायचं की रुंदीने, असंही विचारलं. मी सगळं सांगून थांबले.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पण पेन्शन तिची आहे."

मी उठून नळाचं पाणी प्यायले. माझ्या हातात त्या वेळी चष्म्याची डबी होती आणि ती मी फेकली नाही, एवढी नोंद व्हावी.

त्याच संध्याकाळी मला कळलं, की ही पेन्शन बँकेतल्या ज्या खात्यात जमा होते त्याला नानांनी कधी हातच लावलेला नाही. कपडे धुण्याचं मशीन बिघडलं तेव्हा नाही, दाताची कवळी करायची होती तेव्हाही नाही. कवळीसाठी त्यांनी तीन महिने पगारातून साठवले आणि तोवर मऊ भात खाल्ला. नवऱ्याला हे ठाऊक होतं. तू मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं, तर तो म्हणाला, तू विचारलं नाहीस. या घरातले पुरुष एकाच साच्यातून काढलेत.

यावरचा उपाय सोपा होता. एका अर्जात आपली दोन्ही उत्पन्नं लिहून सही करायची. मग कर खातं दोन्हीकडचे कोड दुरुस्त करतं आणि मागची बाकी पुढच्या वर्षभरात थोडीथोडी कापून घेतं. महिनाअखेरपर्यंत अर्ज दिला नाही, तर सगळी रक्कम एकदम, वर दंड. मी अर्ज आणला. 'मला पुढील ठिकाणांहून उत्पन्न मिळते' या वाक्याखाली दोन रिकाम्या ओळी होत्या. नानांनी पहिल्या ओळीत चष्म्याच्या दुकानाचं नाव सुंदर अक्षरात लिहिलं. दुसरी ओळ कोरी ठेवली. अर्ज टेबलावर मिठाच्या बाटलीखाली पडून राहिला. मी रोज जेवायला वाढताना बाटली उचलायची, कोरी ओळ बघायची आणि बाटली जरा जोरातच खाली ठेवायची.

आठवड्याने जेवता जेवता नानांनीच विषय काढला.

"दोन आहेत म्हणून हा घोळ झालाय ना? मग मी नोकरी सोडतो. तिची पेन्शन राहील आणि तिला तुझं ते पांघरूण राहील. मागचं बिल मी साठवलेल्या पगारातून एकदम भरतो."

हिशेबाच्या दृष्टीने यात खोट काढायला जागा नव्हती. कोडाच्या बाबतीत माझ्यासमोर इतकं बिनचूक कुणी बोललं नव्हतं, आणि म्हणूनच माझं पित्त खवळलं. मी ताट तसंच ठेवून उठले.

पण रागापेक्षा मला भीती जास्त वाटली, ते सांगून टाकते. आई गेल्यावर नाना कित्येक महिने स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी स्टूल घेऊन बसून असत. दाढी वाढलेली, अंगात रात्रीचेच कपडे. भर दुपारी ते मला सकाळ झाली का म्हणून विचारायचे. आम्ही सगळे उपाय करून थकलो. मग एक दिवस त्यांच्या चष्म्याची काडी तुटली, ते नाइलाजाने दुकानात गेले, तिथल्या मालकीण बाईंना तुम्ही पेचकस चुकीचा धरता असं सुनावलं आणि परत आले ते नोकरी घेऊनच. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. त्या दिवशी बाथरूममधून येणारा साबणाचा वास मी दारात उभी राहून घेतला होता. ही नोकरी गेली तर नाना पुन्हा त्या स्टुलावर जाऊन बसतील, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. दंड गेला खड्ड्यात.

मी दुकानातल्या बाईंना फोन करून नानांचा राजीनामा इतक्यात घेऊ नका म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, घेते कशाला, माझ्याकडे पेचकस सरळ कुणाला धरता येतो? नानांना मी एवढंच म्हटलं, की सोडायची तर सोडा, पण आधी कर कचेरीत जाऊन विचारून येऊ. ते लगेच तयार झाले. त्यांनाही त्या लोकांना समोरासमोर चार गोष्टी सांगायच्याच होत्या. इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. वाटेत त्यांचे ओठ हलत होते, म्हणजे भाषण पाठ चाललं होतं.

कर कचेरीत टोकन घेऊन बसायचं असतं. लोखंडी खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या. एक जण हलला की सगळी रांग हलते. आमच्या शेजारचे गृहस्थ पाय हलवत होते आणि त्यांच्याबरोबर आम्ही दोघं थरथरत होतो. मी सवयीने बोलत राहिले. नाना, हे नुसते आकडे आहेत, यात आपलं-तुपलं काही नसतं, आई असत्या तर हसल्या असत्या, वगैरे. नानांनी मला बोलू दिलं. मग समोरच्या फलकाकडे बघतच म्हणाले,

"दुकान बंद झाल्यावर घर तिच्याच पगारावर चाललं. तुझा नवरा शिकला तो त्यावरच. लोक तोंडावर म्हणायचे, की बायकोच्या जिवावर बसून खातो. मी ऐकून घ्यायचो. खरंच होतं, भांडणार काय? तिने कधी एका शब्दाने जाणवू दिलं नाही. पण मी मनाशी ठरवलं होतं, की खायला लागतंय तर खाईन, पण तिच्या पैशाला कधी माझा म्हणणार नाही. तिच्या हयातीत म्हटलं नाही. आणि आता ती गेल्यावर सही करून लिहून देऊ?"

मला एवढंच वाटलं, की आठवडाभर मी मिठाची बाटली आपटत होते ते फार वाईट दिसलं. शेजारच्या गृहस्थांचा पाय तेवढा हलत राहिला. मग आमचा नंबर लागला.

काउंटरवर एक तरुण बाई होत्या, गळ्याला मफलर गुंडाळलेला, कारण वातानुकूलन यंत्राचं तोंड नेमकं त्यांच्या मानेवर. नानांनी भाषण सुरू केलं. त्या मधे बोलल्या नाहीत. टेलिफोन एक्स्चेंजपासून घड्याळाच्या दुकानापर्यंत सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मी बोटांनी माझ्या पिशवीचा बंद पिळत होते. नानांचं संपल्यावर त्या म्हणाल्या, की आजोबा, पैसे कुणी कमावले ते आम्ही विचारत नाही, कुणाला मिळतात तेवढंच विचारतो. नाना म्हणाले, मला मिळत नाहीत, बँकेत पडून राहतात. खातं कुणाच्या नावावर, असं बाईंनी विचारलं. त्यावर नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"बरं, ते राहू दे," बाई म्हणाल्या आणि पुढचा, रोज प्रत्येकाला विचारायचा प्रश्न त्यांनी विचारला. "करमाफी दोन्हीपैकी एकालाच लागेल. पगाराला लावू की पेन्शनला? बहुतेक जण पगाराला लावून घेतात."

"फरक काय पडतो?"

"एकूण कर तेवढाच. ज्याला लावाल ते पूर्ण मिळतं, कापाकापी दुसऱ्यातून होते."

नाना काउंटरवर पुढे झुकले. "म्हणजे पेन्शनला लावली, तर तिच्या पैशातून तुम्ही काहीच घेणार नाही?"

"एक पैसाही नाही. पेन्शन त्या रकमेत जेमतेम बसते."

"आणि तिच्याबद्दलचा जो काही कर असेल, तो माझ्या पगारातून?"

"सगळाच पगारातून. पहिल्या पैशापासून कापला जाईल. मागची बाकीसुद्धा त्यातूनच. हातात फार थोडं येईल हो आजोबा."

मी काउंटरखालून नानांचा शर्ट ओढला. मला तो कोड माहीत होता. करमाफी शून्य. तो पावतीवर आला, की धडधाकट माणसं माझ्या खिडकीशी येऊन रडवेली होतात. मी त्यांच्या कानाशी तसं सांगितलंही. पण नाना माझं ऐकत नव्हते. त्यांनी खिशातून अर्ज काढला, बाईंकडून पेन मागून घेतलं आणि दुसऱ्या ओळीत टेलिफोन खात्याचं नाव लिहिलं. पहिल्या ओळीपेक्षा सुंदर अक्षरात. सही केली. मग विचारलं, की नोकरी चालू असली तरच हे जमेल ना?

"पगार नसेल तर कापणार कशातून?" बाई म्हणाल्या.

"मग मला नोकरी सोडून चालणार नाही," नाना मला म्हणाले, जणू सोडायचं खूळ माझंच होतं. मी हो म्हटलं. परतताना त्यांनी मला चहा पाजला. स्वतःचे पैसे देताना जरा थाटात दिले.

पुढच्या महिन्यात नव्या कोडाची पगारपावती आली. सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा नाना ती घेऊन स्वयंपाकघरात आले. मी आधी हातात आलेली रक्कम पाहिली; फारच थोडी होती. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. कापलेल्या कराच्या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, यात तिच्या पेन्शनमुळे लागलेला किती, ते वेगळं काढून देशील का? पावतीवर तसं वेगळं येत नाही. मी पोळीचं पीठ लागलेले हात पुसले, पेन्सिल घेतली आणि पावतीच्या मागे हिशेब केला. दुकानाचा इतका, मागच्या बाकीचा हप्ता इतका, पेन्शनपायी इतका. शेवटच्या आकड्याभोवती गोल काढून दिला.

नानांनी त्या गोलावर बोट ठेवलं.

"हा तिचा खर्च," ते म्हणाले, "मी केलेला."

मला काहीतरी चेष्टेचं बोलायचं होतं, तोंडाशी आलंही होतं, पण ते सोडून मी डब्याचं झाकण लावत बसले. नानांनी पावतीची घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, चपला घातल्या, आणि दारातून वळून विचारलं,

"हा पुढच्या वर्षी वाढेल का गं?"

मी म्हटलं, आईंची पेन्शन वाढली तर वाढेल.

"मग बरं," ते म्हणाले आणि दुकानात गेले.